महत्त्वाचं आधी

६ ऑक्टोबर, सोमवार

"ताई, मी कुठे लपलेय ते कुणाला सांगू नकोस."

धाकटी सहा वर्षांची होती तेव्हा म्हणाली होती. जिन्याखाली, जुन्या गाद्यांच्या मागून, फक्त डोळे दिसत होते. मी बारा वर्षांची. राज्य आत्याच्या मुलावर होतं. त्याने मला विचारलं, मी तोंड उघडलं नाही. एकदाच जिन्याकडे बघितलं. तेवढं पुरलं त्याला! धाकटी पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्यामागे फिरत म्हणत राहिले — सांगितलं कुठे गं मी, नुसतं बघितलं.

आज बत्तीस वर्षांनी तिचा पत्ता माझ्याच हाताने टाईप केला. अक्षांश, रेखांश, दशांशाच्या पाच आकड्यांपर्यंत. प्रसूतिगृह, शाळेच्या तळघरात हलवलेलं. खाटा अठरा, जनरेटर एक, डॉक्टर एक — ती. तीन आठवडे ती नाही म्हणत होती आणि तीन आठवडे मी तिच्या मागे लागले होते. कायदा आहे, सगळ्या जगाने सह्या केलेला आहे. जागा नोंदवलेली असली की तिला हात लावता येत नाही. न नोंदवलेल्या जागेबद्दल ते खुशाल म्हणू शकतात, आम्हाला माहीतच नव्हतं. शेवटी कंटाळून म्हणाली, "घाल बाई. तुझ्यापुढे कुणाचं चाललंय."

एकूण सोळा जागा. वेढ्यातल्या शहरात एवढ्याच धड उरल्यात. दर सोमवारी ही यादी दोन बंद लिफाफ्यांतून जाणार — एक शहराला वेढा घालून बसलेल्यांना, एक शहर धरून बसलेल्यांना. आमच्या कचेरीत त्यांना 'बाहेरचे' आणि 'आतले' म्हणतात. खरी नावं घेतली की कुणीतरी खुर्ची सरकवून उठतं. शिवाय प्रत्येक जागेला तिचा नंबर लिहिलेलं एक प्रमाणपत्र, दाराला आतून लावायला. ती सोळाही पहिल्याच गाडीने गेली.

क्रम कसा लावायचा ते कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं — महत्त्वाचं आधी. मोठं रुग्णालय एक. मुलांचा दवाखाना दोन. रक्तपेढी तीन. शस्त्रक्रियेचं केंद्र चार. धाकटी पाच. मग वृद्धाश्रम, शाळा, पाण्याचं केंद्र वगैरे. अगदी शेवटी, सोळावं, सार्वजनिक स्वयंपाकघर.

साहेबांनी — म्हणजे आमच्या मध्यस्थांनी, ज्यांच्या सहीशिवाय इथे पान हलत नाही — यादी वाचून मान डोलावली. "व्यवस्थित आहे," म्हणाले. मला दिवसभर बरं वाटत होतं.

७ ऑक्टोबर

आईला सांगितलं, धाकटीची जागा आता कायद्याच्या संरक्षणाखाली आहे.

आई म्हणाली, "अंधार पडल्यावर पण असतो का गं कायदा?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज बैठक. हॉटेलचं तेच दालन, दोन दारांचं. बाहेरचे एका दाराने येतात, आतले दुसऱ्या. चहाच्या दोन गाड्या एकाच क्षणी आत याव्या लागतात. गेल्या महिन्यात एक आधी आली, तर अर्धा दिवस त्यावरच गेला — पहिला मान कुणाला दिला म्हणून!

विषय एकच: बाळंतपणाच्या दोनशे पेट्या. धाकटीने मागवलेल्या. एका पेटीत रबरी चादर, साबण, हातमोजे, दोरा, आणि नाळ कापायला एक ब्लेड. बाहेरच्यांचा कर्नल म्हणाला, ब्लेड चालणार नाही, धारदार वस्तू आहे. माणूस आवाज चढवत नाही कधी. घसा धरलेला असतो, खोकल्याच्या गोळ्या चघळत बोलतो. आमचे वकील उठले. त्यांना कचेरीत सगळे 'कलम' म्हणतात, कारण त्यांच्या तोंडातून आधी कलमाचा आकडा येतो आणि मग वाक्य. त्यांनी आकडा सांगितला, वाक्य सांगितलं: मदत विनाअडथळा गेली पाहिजे.

कर्नल म्हणाला, "अडवतंय कोण? पेट्या जाऊ देत. ब्लेड तेवढं आम्ही ठेवून घेतो."

मला वाटलं, आतले तरी भांडतील. त्यांच्या बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की अर्धवट मदत आम्ही स्वीकारणार नाही. त्यापेक्षा पेट्या नाक्यावरच पडू देत, जगाला दिसू दे. दोन तास हेच. एकाला ब्लेड नको, दुसरीला बिनब्लेडची पेटी नको. बाळंतीण कुणालाच नको.

शेवटी ठरलं: नाक्यावर प्रत्येक पेटी उघडायची, ब्लेड काढायचं, पेटी पुढे. इतिवृत्तात मी टाईप केलं, 'एकमताने'. नाळ कशाने कापायची ते कुठल्या रकान्यात लिहितात मला माहीत नाही.

निघताना कर्नल माझ्या टेबलापाशी थांबला. "यादी तुम्ही टाईप केलीत ना, बाई? फार सुबक. आमच्या पोरांना वाचायला सोपी जाते."

मी धन्यवाद म्हणाले. तोंडातून गेलंच!

११ ऑक्टोबर, शनिवार

काल संध्याकाळी साडेसातला मोठ्या रुग्णालयावर तोफगोळे पडले. अकरा माणसं.

कर्नलकडून पत्र आलं — तांत्रिक चूक, खेद आहे. कलमांनी भंगाचा अहवाल भरला. तो एक छापील फॉर्म आहे: स्थळ, वेळ, मृत, जखमी, जबाबदार. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'निश्चित नाही'. तोफा आपल्या पायांनी चालत आल्या असाव्यात.

आईला सांगितलं नाही. तिने रेडिओवर ऐकलं. जेवली नाही.

१५ ऑक्टोबर

काल मुलांचा दवाखाना. पुन्हा साडेसात. दोघं गेले. एक परिचारिका आणि एक चार वर्षांचा.

१९ ऑक्टोबर, रविवार

रक्तपेढी. काल, साडेसातलाच. पण आत कुणीच नव्हतं! रक्ताच्या पिशव्यासुद्धा नव्हत्या म्हणे. साहेबांनी सुट्टीच्या दिवशी फोन करून सांगितलं, आवाजात आनंद मावत नव्हता. "बघा, प्राणहानी शून्य. दबाव कामाला येतोय."

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं. एक. दोन. तीन.

पुन्हा मोजलं. दुसऱ्या हातावर.

२० ऑक्टोबर, सोमवार

यादी पाठवायचा दिवस. तीच यादी, नवीन तारीख. मशीन समोर, माझे हात मांडीवर.

साहेबांकडे गेले. मी म्हटलं, बाहेरचे आपल्या यादीच्या क्रमाने जातायत. साहेबांनी पेन खाली ठेवलं. फार सभ्य माणूस आहे, समोरच्याचं ऐकताना पेन खाली ठेवतो. म्हणाले, तीन आकडे ओळीने आले की कुणालाही क्रम दिसतो. शहरात दिवसाला चाळीस तोफगोळे पडतात, त्यातले काही आपल्या जागांवर पडणारच. "आणि तुमची बहीण आहे तिथे. म्हणून तुम्हाला जरा जास्त दिसतं. साहजिक आहे."

मग यादी एक आठवडा थांबवा, मी म्हटलं. ते म्हणाले, दोन्ही बाजू सही करून घेतात असा आपल्याकडे एकच कागद आहे. तो थांबला तर टेबलच मोडलं. टेबल मोडलं तर पेट्याही गेल्या.

कलमांकडे गेले. पाच नंबर यादीतून काढता येईल का? त्यांनी पुस्तक उघडलं. वाईट नाहीत ते. डोळे लाल होते, झोपलेले नसावेत. म्हणाले, काढता येतं. पण काढल्याचं दोन्ही बाजूंना कळवावं लागतं, कारणासह. आणि एकदा असलेली जागा काढली की बाहेरचे म्हणणार, ती आता दवाखाना राहिली नाही, तुम्हीच लिहून दिलंत. "म्हणजे आज ते निदान बेकायदा मारतील, बाई. काढलीत तर कायद्याने मारतील."

हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मायेने.

यादी गेली. पाच नंबर पाचव्या नंबरवर.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मदतकार्याच्या रेडिओवरून बुधवारी आणि शनिवारी निरोप जातो-येतो. वीस शब्दांची मुभा. मधे दोन्हीकडचे लोक वाचतात, म्हणून सरळ काही लिहायची सोय नाही. आईसमोर बसून लिहिलं: 'पाचव्या पायरीवर बसू नकोस. ऊठ तिथून. कुठेही जा.'

आई म्हणाली, तब्येतीचं विचार. तीन शब्द घातले तब्येतीसाठी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल चार नंबर. शस्त्रक्रियेचं केंद्र. पुन्हा रिकामं! भिंती गेल्या, माणूस एक नाही. साहेबांनी बैठकीत दोन्ही बाजूंचे आभार मानले. आभार! 'संयमाबद्दल'.

बैठक संपल्यावर मी एक गोष्ट केली जी आमच्या कामात करत नाहीत. वऱ्हांड्यात कर्नलला गाठलं. तो खिडकीपाशी एकटा उभा होता. मी म्हटलं, पाच नंबरला बाळंतिणी आहेत.

त्याने खिशातून गोळ्यांची डबी काढली, आधी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. त्याने एक तोंडात टाकली. म्हणाला, "माझ्या मुलीलाही सातवा चाललाय. रोज फोन करतो. या दिवसांत फार जपावं लागतं, नाही का?" मग फोनवर फोटो दाखवला. गोड मुलगी आहे, हात पोटावर. मी फोटो बघितला. छान आहे म्हणाले.

"यादीबद्दल मात्र माझ्याशी बोलू नका, बाई," तो म्हणाला. "ती गोपनीय असते."

२५ ऑक्टोबर, शनिवार

धाकटीचं उत्तर आलं.

'कळलंय ताई. मोजता आम्हालाही येतं. आमचं आम्ही बघतो. तुला सांगितलं की कागदावर येतं.'

चारदा वाचलं. शेवटचं वाक्य टोमणा आहे, बरोबर जागी लागलाय. रागावलीय. असू दे. पण मोजता येऊन उपयोग काय? अठरा खाटा घेऊन जाणार कुठे? कळा सुरू झालेल्या बाईला उचलून कुठल्या रस्त्याने नेणार? तिचा हट्टी स्वभाव मला ठाऊक आहे. दारात उभी राहील, हात पसरून. तोफेला विचारेल, प्रमाणपत्र वाचता येतं का!

आईने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. चष्मा नव्हता. "काय म्हणते?"

मजेत आहे म्हणते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

सकाळी यादी काढली. पाच आणि सोळा यांची अदलाबदल केली. प्रसूतिगृह सोळावर. सार्वजनिक स्वयंपाकघर पाचवर. अक्षांश-रेखांश तपासले, दोनदा. चूक राहिली नाही ना बघितलं.

स्वयंपाकघरच का? ते शेवटी होतं म्हणून. शेवटच्या नंबरवर गेली की धाकटीला दीड महिना मिळतो. आणि तिथे जेवण दुपारी बारापर्यंत वाटतात. साडेसातला तिथे काय असणार? मोठी पातेली. डाव. चुली. पातेली मरत नाहीत.

खोटं लिहू नये. नोंदवहीत आहे: 'निवासी — दोन.' पहारेकरी आणि त्याची बायको. मागच्या खोलीत राहतात. नोंद मीच केलेली. त्यांची वयंही मला माहीत आहेत.

नंबर बदलला की त्या-त्या जागेला नवीन प्रमाणपत्र पाठवायचं असतं. रस्ता बंद आहे, गाडी जात नाही. नाही पाठवलं. कुणाला कळणार? त्यांच्या दारावर जुना आकडा राहील, एवढंच.

साहेबांनी न वाचता सही केली. चौथ्यांदा तोच कागद कोण वाचतं? लिफाफे मी बंद केले. गोंद चाटताना जिभेला कडू लागलं. तो नेहमीच लागतो.

दुपारी डबा उघडून सगळा खाल्ला. लाज वाटली, पण खाल्ला.

२८ ऑक्टोबर

साडेसात वाजता आईच्या केसांना तेल लावत बसले होते. घड्याळाकडे पाठ करून.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कचेरीत पोचले तर दाराशीच कलम. "पाच नंबर गेला," म्हणाले, आणि माझा हात धरला. त्यांना वाटलं मी पडेन. मग त्यांनी हातातला कागद बघितला, पुन्हा बघितला, कपाळाला आठ्या. "स्वयंपाकघर? पाच म्हणजे तुमच्या बहिणीची ना?"

मी म्हटलं, क्रम बदलला असेल.

इतका आनंद मला कधी झालेला आठवत नाही. लग्न ठरलं तेव्हा नाही, मोडलं तेव्हाही नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि आरशात स्वतःकडे बघून हसले. मागच्या खोलीतली ती दोन माणसं डोळ्यांसमोर आली. आली आणि गेली. मी थांबवलं नाही त्यांना.

आत किती होते ते अजून कळलं नाही. साहेब म्हणतात, बहुधा शून्य, नेहमीसारखं.

घरी आल्यावर आईला म्हटलं, धाकटी आता सुखरूप आहे, महिना-दीड महिना तरी. आईने विचारलं नाही कसं काय. दोन घास जास्त जेवली. मग म्हणाली, लहानपणी ती लपली की कुणालाच सापडायची नाही. फक्त तुझ्याकडे बघून कळायचं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्रीचा निरोप सकाळी हातात आला. वीस शब्दांची मुभा. तिने अठरा वापरले.

'ताई, स्वयंपाकघरात हललो होतो. शेवटचा नंबर म्हणून. सहा बायका, चार बाळं गेली. मी आहे. नंबर कुणी बदलला? शोध.'

म्हणून रिकामी होती रक्तपेढी. म्हणून चार नंबरला माणूस नव्हता. आपला आकडा जवळ आला की ते सगळं उचलून शेवटच्या आकड्याकडे जात होते. प्रमाणपत्रं वाचून.

कलम पलीकडच्या टेबलावर भंगाचा फॉर्म भरतायत. स्थळ, वेळ, मृत. शेवटचा रकाना मोकळा आहे. मी अर्ज टाईप केलाय, चार ओळींचा: जबाबदार या रकान्यात माझं नाव लिहावं, आणि त्याची एक प्रत माझ्या बहिणीला जावी. आता उठून त्यांच्यापुढे ठेवते. ते पुस्तक उघडतील, आकडा शोधतील आणि मायेने म्हणतील — असं नाही करता येत, बाई. आपण या लढाईतला पक्ष नाही.